लाल वाइनचा दम मोजायचा कशावर?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवार पुरवणीत नाशिक परिसरातील वाइन पर्यटनावर जो सविस्तर लेख प्रसिद्ध झाला, त्यात बागांमधील निवासाची सोय, गंगापूर धरणाच्या काठावरचा सूर्यास्त, पायांनी द्राक्षे तुडवण्याचा कार्यक्रम आणि शनिवार-रविवारची वाहतूक कोंडी या सर्वांविषयी वाचायला मिळाले; मात्र ज्या पदार्थासाठी हे सारे उभे राहिले तो चवीला कसा असतो, याविषयी त्यात एक वाक्यही नव्हते. हा आक्षेप एकट्या आपल्या लेखकावर नाही. मराठी वृत्तपत्रांत वाइनचा उल्लेख येतो तो धोरण, कर, वाद किंवा सहल या निमित्तांनी. हापूसची पहिली पेटी बाजारात आली की देवगड सरस की रत्नागिरी यावर आपण रकानेच्या रकाने लिहितो. आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षापासून तयार झालेल्या वाइनचा वाण कोणता, काढणीचे वर्ष कोणते, माती कुठली, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक असून माझ्या धाकट्या भावाची निफाड तालुक्यात खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे. त्यामुळे छाटणी, भुरी व डाऊनी हे बुरशीचे रोग आणि रसातील साखर मोजणारे ब्रिक्स हे शब्द आमच्या घरात रोजचेच आहेत. अलीकडेच दिंडोरी तालुक्यातील एका छोट्या वायनरीची शिराझ आणि कॅबर्ने सॉविन्यों या दोन वाणांच्या मिश्रणातून केलेली लाल वाइन तिथेच चाखण्यात आली. वायनरीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण स्तुतीचा भाग जाहिरातीसारखा वाटू नये आणि तक्रारीचा भाग एकाच दारी जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम वाइनविषयी. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला असता मध्यभाग जवळजवळ अपारदर्शक दिसला आणि कडेला स्पष्ट जांभळी झाक होती. वय वाढेल तशी ही कड विटकरी होत जाते, तेव्हा ही वाइन अजून कोवळी आहे हे चाखण्यापूर्वीच कळले. पहिल्या वासात पिकलेले जांभूळ आणि करवंद होते, त्यामागे काळ्या मिरीचा झणका होता, पेला फिरवल्यावर ढोबळी मिरचीची हिरवट छटा वर आली आणि या सर्वांना झाकून टाकील इतका ठळक असा व्हॅनिलाचा व सुक्या खोबऱ्याचा वास होता. तोंडात ती भरदार होती. बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण १४ टक्के छापलेले होते आणि ते घशाला जाणवत होते. साल व बी यांतून येणाऱ्या टॅनिन या द्रव्याचा तुरटपणा हिरड्यांवर बराच वेळ रेंगाळला, पण त्याला तोलून धरणारा आंबटपणा कमी पडला. घोट गिळल्यानंतर मिरी आणि लाकूड मागे राहिले, फळ मात्र लवकर निघून गेले. एकूण वाइन चांगली आहे, प्रामाणिकपणे केलेली आहे. परंतु लाकडाचा वास आणि अल्कोहोल या ज्या गोष्टींचे तिथे कौतुक ऐकायला मिळाले, त्याच गोष्टी तिच्यात गरजेपेक्षा जास्त आहेत, असे माझे मत झाले.

वाइनच्या वासांची अशी वर्णने वाचून अनेकांना हसू येते. द्राक्षात मिरी कुठून आली, असे मला एका सहकाऱ्याने विचारलेही होते. हा कल्पनाविलास नाही. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचे संयुग असते आणि काळ्या मिरीच्या वासामागेही तेच संयुग असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिले. कॅबर्नेतील ढोबळी मिरचीचा वास मेथॉक्सीपायराझिन या गटातील संयुगांमुळे येतो आणि खुद्द ढोबळी मिरचीतही तीच असतात. फळ जसजसे पिकते आणि घडावर ऊन पडते, तसतशी ती कमी होतात. म्हणून हा वास जास्त आला तर कॅबर्ने थोडी लवकर तोडली गेली किंवा घड पानांच्या गर्दीत राहिले, असा अंदाज बांधता येतो. व्हॅनिला आणि खोबरे मात्र द्राक्षातून येत नाहीत. वाइन ज्यात मुरवतात त्या ओकच्या लाकडाचे ते देणे आहे आणि खोबऱ्याचा वास अमेरिकी ओकमधून अधिक येतो. म्हणजे एका घोटात शेतकऱ्याचे काम कोणते आणि सुताराचे कोणते, हे थोड्या सरावाने वेगळे करता येते.

दोन वाण एकत्र का करावेत, हा प्रश्न योग्यच आहे. फ्रान्सच्या बोर्डो भागात कॅबर्नेला मेर्लो या वाणाची जोड देण्याची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात तर तिथले व्यापारी ज्या वर्षी वाइन फिकी उतरेल त्या वर्षीच्या वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातील हर्मिटाजची शिराझ बिनदिक्कत मिसळत असत. पुढे ऑस्ट्रेलियाने शिराझ-कॅबर्ने ही जोडी आपली मानली. आपल्याकडे बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर यांची ‘ला रिझर्व्ह’, नाशिकच्या यॉर्कची ‘आरोस’ या वाइन याच जोडीच्या आहेत आणि अकलूजच्या फ्रातेल्लीने ‘सेत्ते’मध्ये कॅबर्नेसोबत इटलीचा सांजोवेझे हा वाण घेतला आहे. कॅबर्नेला हाडे असतात, म्हणजे टॅनिनचा कणा असतो, पण मधल्या भागात ती पोकळ वाटू शकते. शिराझ तो भाग फळाने आणि मऊपणाने भरून काढते. हा झाला चवीचा हिशेब. नाशिकमध्ये याला शेतीचा दुसरा हिशेब जोडलेला आहे आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि फळ शरद ऋतूत, म्हणजे दिवसेंदिवस गार होत जाणाऱ्या हवेत पिकते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करायची, पाऊस ओसरू लागला की गोडी छाटणी करून त्या काडीवर फळ घ्यायचे, असे वर्षातून दोनदा कातर चालवून आपण एक पीक घेतो. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला तर डाऊनी पोंग्यातच, म्हणजे कोवळ्या फुटीतच, गाठते आणि त्या वर्षीचा निम्मा निकाल तिथेच लागतो. त्यातून वाचलेल्या फळाला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वरदान ठरतात. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात पहिल्या पानावर छापता, त्याच रात्री मण्यातला आंबटपणा आणि सालीतला रंग राखून ठेवत असतात. पण काढणी येते ती जानेवारीअखेर ते मार्च या काळात, जेव्हा हवा गार होण्याऐवजी रोज थोडी थोडी तापत असते. उष्णतेत मण्यातील आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल श्वसनातच खर्ची पडते, साखर झपाट्याने चढते, आणि साल व बी यांतील टॅनिन पक्व व्हायला जो निवांत वेळ लागतो तो मिळत नाही. चोवीस ब्रिक्सला फळ तोडले की पावणेचौदा-चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होणारच. लवकर तोडले तर वाइन हिरवट आणि करकरीत, थांबले तर जड आणि आंबटपणाविना, अशा कात्रीत प्रत्येक वायनरी फेब्रुवारीत सापडलेली असते. शिराझ आधी पिकते आणि कॅबर्ने उशिरा. तेव्हा दोन्ही लावलेल्या वायनरीला एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याची थोडी सोय मिळते. मिश्रण म्हणजे उरल्यासुरल्याची गोळाबेरीज, असा आपल्याकडे समज आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे. छोट्या वायनरीचे कसब कुठे तपासायचे असेल तर तिच्या मिश्रणातच तपासावे.

खाण्याच्या द्राक्षाची बाग पाहिलेल्यांना येथे एक गोष्ट उलटी वाटेल. थॉमसनच्या किंवा सोनाकाच्या मण्याची लांबी-फुगवण वाढावी म्हणून आपण जीए हे संजीवक देतो, विरळणी करतो, पाणी आणि खत यांत कसूर करत नाही. वाइनच्या द्राक्षात मणी लहान राहिलेलाच हवा असतो, कारण रंग, टॅनिन आणि वास हे बहुतांशी सालीत असते आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त येते. त्यामुळे एकरी उत्पादन खाण्याच्या द्राक्षाच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी ठेवावे लागते. माझ्या भावाला हे पटवून देताना माझी बरीच शक्ती खर्च झाली आहे. एवढे कमी पीक घेऊन माणूस हसतो कसा, असे त्याचे म्हणणे असते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. दमदार लाल वाइन म्हणजे भरपूर लाकूड आणि भरपूर अल्कोहोल, असे समीकरण आपल्या बाजारात रुजू लागले आहे. ‘रिझर्व्ह’ असे छापलेली, जाड काचेची, खोल बुडाची बाटली घेतली की आत ओक असणार हे ठरलेलेच. २२५ लिटरचे फ्रेंच ओकचे पिंप आयात करणे छोट्या उत्पादकाला झेपणारे नसते, म्हणून अनेकदा पोलादी टाकीत ओकच्या फळ्या किंवा तुकडे सोडले जातात. त्यात गैर काही नाही, पण पिंपातून जो मंद प्राणवायू मिळून टॅनिन मऊ होते तो लाभ त्यात मिळत नाही, केवळ वास मिळतो. मग वाइन पहिल्या घोटाला प्रभावी वाटते आणि दुसऱ्या पेल्याला थकवते. मी चाखलेल्या वाइनमध्ये जांभूळ-करवंदाचे फळ इतके सुरेख होते की लाकूड निम्मे केले असते आणि शिराझ आठवडाभर आधी तोडली असती, तर तिच्या तोडीची वाइन या दरात शोधावी लागली असती. दम यायला हवा तो पिकलेल्या सालीतून आणि तोलातून. सुतारकामातून आलेला दम वर्षा-दोन वर्षांत उतरतो आणि खाली फळ शिल्लक नसेल तर मागे काहीच राहत नाही.

चाखण्याच्या खोलीतील पद्धतीविषयीही लिहायला हवे. बाहेर पस्तीस अंश तापमान असताना मोकळ्या मांडणीवर उभी ठेवलेली बाटली उघडून थेट पेल्यात ओतली जाते आणि लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची असते, असे वर समजावले जाते. तो नियम ज्या खोल्यांसाठी झाला त्या युरोपातील दगडी भिंतींच्या गार खोल्या होत्या. भरदार लाल वाइनला सोळा ते अठरा अंश पुरेसे असतात. तीस अंशांना तिच्यातले अल्कोहोल नाकात शिरते, फळ शिजल्यासारखे लागते आणि उत्पादकाची वर्षभराची मेहनत पाच मिनिटांत वाया जाते. घरी नेलेली तीच वाइन मी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून, मोठ्या पेल्यात तिसरा हिस्साच ओतून घेतली, तेव्हा घशाची जळजळ निम्म्यावर आली आणि ढोबळी मिरची मागे सरून करवंद पुढे आले. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या दिवशी हवेच्या थोड्या संपर्काने टॅनिन आणखी मऊ झाले होते. फिरकीच्या झाकणाकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, की आपल्या हवेत आणि आपल्या दुकानांच्या साठवणुकीत ते झाकण वाळलेल्या बुचापेक्षा वाइनची राखण अधिक नीट करते.

जेवणाबरोबरच्या जोडीविषयी चाखण्याच्या खोलीत जे छापील पत्रक दिले जाते, त्यात ‘तिखट भारतीय पदार्थांबरोबर उत्तम’ असे ठोकून दिलेले असते. हे सरळ चूक आहे. मिरचीतले कॅप्सायसिन आणि अल्कोहोल एकमेकांचा दाह वाढवतात आणि टॅनिन त्यात खरखर घालते. तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन घेतल्यास दोघांचेही नुकसान होते. टॅनिनला प्रथिने आणि स्निग्धता लागते, कारण एरवी ते लाळेतील प्रथिनांना धरते आणि तोंड कोरडे पाडते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातले, मिरची हात राखून घातलेले सुके मटण आणि ज्वारीची भाकरी यांच्याबरोबर मात्र ती फार चांगली लागली. भाजलेल्या खोबऱ्याने ओकचा वास आपल्यात सामावून घेतला आणि वाइनमधला जो दोष मी वर सांगितला तो जेवताना जवळजवळ जाणवला नाही. शाकाहारी ताटात चुलीवर भाजलेल्या वांग्याचे कमी तिखट भरीत तिला चालते. ठेचा मात्र बाजूलाच ठेवावा.

माझा खरा आग्रह माहितीबद्दल आहे. त्या बाटलीच्या मागील बाजूस वैधानिक इशारा, अल्कोहोलचे प्रमाण आणि ‘उत्कृष्ट द्राक्षांपासून प्रेमाने बनवलेली’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य होते. दोन वाणांचे प्रमाण किती, फळ कोणत्या गावच्या बागेतले, काढणी कोणत्या महिन्यात, ओक पिंपाचा की फळ्यांचा आणि किती महिने, यांपैकी काहीही नव्हते. वाइन ओतून देणाऱ्या तरुणाला विचारले तेव्हा त्याने अत्यंत नम्रपणे, हे सिक्रेट असते, असे सांगितले. मिश्रणाचे प्रमाण हे गुपित असण्याचे काही कारण नाही. जगभरात अनेक चांगले उत्पादक ते बाटलीवर छापतात, कारण दुसऱ्याला ते माहीत झाले तरी त्याच्याकडे ती माती आणि ते वर्ष नसते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकनाचा अर्थच मुळी जागेशी चव बांधलेली असणे हा आहे. मग दिंडोरीच्या मुरमाड उताराचे फळ आणि निफाडच्या काळ्या जमिनीतले फळ यांतला फरक ग्राहकाला कळू द्यायला नको का?

हे विचारण्याचा अधिकार केवळ रसिकांचा नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणापासून राज्याने या धंद्याला हात दिला आहे. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभारले, आणि वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के रक्कम उत्पादकांना परत देण्याची योजना आखली. हा सार्वजनिक पैसा आहे. ज्याला तो मिळतो त्याने बाटलीवर वाण, प्रमाण, तालुका आणि काढणीचे साल एवढे मराठीत छापावे, अशी अट घातली तर कुणाचेही फारसे बिघडणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा महिनोन्महिने जो गदारोळ झाला त्यात समर्थक शेतकऱ्याचे नाव घेत होते आणि विरोधक संस्कृतीचे; शेतकऱ्याने पिकवलेले फळ बाटलीत ओळखू येते का, हे दोघांपैकी कुणीही विचारले नाही.

वाइन हे मद्य आहे, हे मी विसरलेलो नाही, आणि ते आरोग्यदायी असल्याचा प्रचार मला मान्य नाही. लाल वाइनमधील रेस्व्हेराट्रॉल या संयुगाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याचे प्रमाण एका पेल्यात किती नगण्य असते ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. औषध म्हणून वाइन पिऊ नये. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावी, असेही माझे म्हणणे नाही. पण जे पितात त्यांना काय पितो हे कळले, तर ते कमी पितील आणि निवडून पितील, असे मला वाटते.

तेव्हा आपल्याला एक विनंती आहे. येत्या काढणीनंतर, वाइन बाजारात येऊ लागेल तेव्हा, नाशिक, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील छोट्या वायनरींच्या लाल मिश्र वाइन आपल्या वृत्तपत्राने स्वतःच्या पैशाने दुकानातून विकत घ्याव्यात, नावे झाकून दोन-तीन जाणकारांकडून सतरा अंशांना चाखून घ्याव्यात आणि प्रत्येकीचे वाण, प्रमाण, गाव, अल्कोहोल, ओक आणि किंमत यांसह जे चांगले असेल ते व जे खटकेल ते छापावे. ज्या उत्पादकांनी ही माहिती देण्यास नकार दिला, त्यांच्या नावापुढील रकाना रिकामा ठेवून तोही तसाच छापावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक